शेतात राबून ऑस्ट्रेलिया बघायचा तर: अर्जापासून शेवटच्या पगारचिठ्ठीपर्यंत

तासगावात आमची द्राक्षबाग आहे. छाटणीला, विरळणीला, तोडणीला टोळ्या यायच्या. मुकादमाच्या हातात हजेरीची वही असायची. काही टोळ्या उक्त्यावर, म्हणजे तासावर नाही तर झालेल्या कामावर पैसे ठरवून, काम घ्यायच्या, काही रोजंदारीवर. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस हंगामभर मान खाली घालून राबतो, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियात शेतात काम करून त्याच पैशावर देश फिरता येतो असं कळलं, तेव्हा मी नकाशा उघडायच्या आधी तीन प्रश्न लिहून काढले. इथला मुकादम कोण? दर कोण ठरवतं? काम नसेल त्या दिवशी पोटाचं काय? ज्यांनी हे न विचारता विमान पकडलं, त्यांचे पहिले दोन महिने कसे गेले ते मी होस्टेलच्या स्वयंपाकघरात रोज ऐकत होते.

म्हणून हा लेख त्या प्रश्नांच्या क्रमानेच लिहिते आहे. समुद्रकिनारे शेवटी येतील.

पायरी १: व्हिसा आणि सोडत

टुरिस्ट व्हिसावर शेतात काम करता येत नाही. 'फक्त राहण्या-खाण्याच्या बदल्यात मदत' असं गोड नाव दिलं तरी बहुतेक देश त्याला कामच मानतात. हा आडमार्ग मनातून काढून टाका.

सरळ मार्ग आता आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी व्यापार करार झाला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. त्या करारातून भारतीय तरुणांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, खुला झाला. वर्षाला १,००० जागा आहेत आणि निवड सोडतीने होते. पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे चाळीस हजार नावं आली. तेव्हा नोकरीचा राजीनामा सोडतीनंतर, व्हिसा हातात पडल्यावरच द्या.

अटी अशा. वय १८ ते ३० पूर्ण वर्षं, म्हणजे एकतिसावा वाढदिवस व्हायच्या आत. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण. कामापुरतं इंग्रजी, म्हणजे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५. खात्यात किमान ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे. मुलंबाळं सोबत नेता येत नाहीत.

सोडतीच्या नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, शुल्क २५ डॉलर. दोन्हीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं. ही दुरुस्ती आयत्या वेळी होत नाही. नाव निघाल्यावर मूळ अर्जासाठी हातात चारच आठवडे असतात आणि त्याचं शुल्क २०२५-२६ मध्ये ६७० डॉलर होतं. बँकेचं पत्र, पदवीचं प्रमाणपत्र, इंग्रजीचा निकाल हे सगळं सोडतीच्या आधीच फाईलला लावून ठेवा. वैद्यकीय तपासणी सांगितली तर तिलाही दिवस लागतात.

नोंदणीच्या तारखा दर वर्षी ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात. 'सोडतीत नाव काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. सोडत संगणक काढतो.

व्हिसा मिळाल्यावर बारा महिन्यांच्या आत देशात पाऊल ठेवायचं, आणि ज्या दिवशी ठेवाल त्या दिवसापासून बारा महिने राहता येतं. पुढचं सगळं नियोजन ही उतरण्याची तारीख कोणती यावर उभं आहे.

पायरी २: आधी पीक ठरवा, मग गाव

बहुतेक जण सिडनीचं तिकीट काढतात आणि तिथे बसून काम शोधतात. शहरातल्या होस्टेलचं भाडं रोज जात असतं आणि शेत हजार किलोमीटरवर असतं. उलट करा. तुमची उतरण्याची तारीख कोणत्या पिकाच्या तोडणीला लागून येते ते पाहा, आणि त्या पिकाच्या गावाला जवळचं विमानतळ निवडा. तिकडचे ऋतू उलटे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिकीट काढताना विसरतात. आपली दिवाळी येते तेव्हा तिकडे उन्हाळा चढायला लागलेला असतो.

मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर हा उत्तर क्वीन्सलँडचा काळ. तिथला हिवाळा आपल्या कोकणातल्या जानेवारीसारखा सुखद असतो. बोवेन, गमलू, एअर या पट्ट्यात टोमॅटो आणि ढोबळी मिरची. त्याच्या दक्षिणेला बंडाबर्ग आणि चिल्डर्सला भाजीपाला, रताळी, मॅकाडेमिया. ब्रिस्बेनच्या उत्तरेला कॅबुल्चरला जून ते ऑक्टोबर स्ट्रॉबेरी. नवख्या माणसाने एप्रिलच्या शेवटी उतरून बोवेनकडे जावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हंगाम लांब असतो आणि ऊन जीव घेत नाही. मीही तेच केलं.

सप्टेंबरपासून डार्विन आणि कॅथरिनला आंबा सुरू होतो, पुढे तो मरीबाकडे सरकतो. हे काम चांगले पैसे देतं, पण उष्मा भयंकर. कोकणात ज्यांच्या घरी कलमं आहेत त्यांना चिकाचं दुखणं सांगायला नको. देठ तुटला की चीक उडतो आणि कातडी भाजते. तिकडे झेल्याऐवजी शेतातून हळूहळू चालणारं यंत्र असतं आणि त्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा चालू असतो, त्यामुळे फळावर डाग पडत नाही. हातावर मात्र पुरळ उठतंच. लांब बाहीचा शर्ट अंगावर हवाच.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यू साउथ वेल्सच्या यंग आणि ऑरेंज भागात चेरी, आणि डिसेंबरच्या मध्यापासून टास्मानियाच्या ह्युऑन व्हॅलीत. चेरीचा हंगाम छोटा, चार-सहा आठवड्यांचा, आणि पावसाच्या एका सरीने फळ फुटतं. सगळी मदार चेरीवर ठेवू नका.

जानेवारी ते एप्रिल मरे नदीकाठी मिल्ड्युरा आणि रॉबिनवेलला द्राक्षं. नाशिक-सांगलीच्या मुलामुलींनी इथे जरूर जावं. आपण ज्याला थॉमसन सीडलेस म्हणतो त्याच वाणाला तिकडे सुलताना म्हणतात. आमच्याकडे बेदाणा करताना जे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण वापरतात, ती थंड द्रावणात बुडवण्याची पद्धत जगात ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच ओळखली जाते. घड देठाला धरायचा, मण्यावरची लव पुसू द्यायची नाही, खराब मणी कात्रीच्या टोकाने काढायचा: हे ज्याला घरून येतं त्याला मुकादम दुसऱ्या दिवशी ओळखतो.

त्याच सुमारास शेपर्टनला पेअर, आणि मार्च ते मे बॅटलो व ह्युऑन व्हॅलीत सफरचंद. छातीवर पिशवी बांधून शिडीवर चढायचं आणि साधारण ४०० किलोची पेटी भरायची. उंच, दणकट माणसाला जमतं. माझ्या उंचीला नाही जमलं.

केळी बारमाही. टली आणि इनिसफेल ही त्यांची गावं. घड खांद्यावर वाहायचे, पाऊस अफाट, आणि चक्रीवादळ आलं की बाग आडवी. २००६ च्या लॅरी आणि २०११ च्या यासी वादळाने तिथली केळी पार झोपवली होती. पाठ धडधाकट असेल तरच जा.

पायरी ३: बॅग, आणि आईचा डबा

शेताचे बूट घरून नेऊ नका. तळाला माती चिकटलेले बूट विमानतळावर थांबवले जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांची शेती रोगांपासून वाचली आहे ती या कडकपणामुळे. बूट, हातमोजे, रुंद काठाची टोपी तिथेच घ्या.

आई जे देईल त्यातलं प्रत्येक खाणं विमानातल्या कार्डवर जाहीर करा. दुधाचे पदार्थ, म्हणजे पेढे, बर्फी, खवा, नेऊ नका. बिया आणि ताजी फळं अजिबात नाहीत. काळा मसाला, कोरडी चटणी पाकीटबंद असेल आणि तुम्ही जाहीर केली असेल, तर अधिकारी बघून निर्णय देतो. लपवलं तर दंड, आणि व्हिसावरही गदा येऊ शकते. पुढे राज्याराज्यांच्या सीमेवरही हाच नियम भेटेल. फळमाशीमुळे दक्षिण ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, पश्चिम ऑस्ट्रेलियात फळं नेता येत नाहीत. गाडीतली केळी सीमेआधी खाऊन संपवा.

आरोग्य विमा घ्या. भारतीयांना मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, लाभ नाही. कामावर झालेल्या इजेसाठी मालकाचा कामगार विमा असतो, पण ताप, दात, अपघात तुमचे.

पायरी ४: उतरल्यावरचा पहिला आठवडा

सिमकार्ड घ्या. खेड्यापाड्यांत टेल्स्ट्राचं जाळं सगळ्यात लांबवर पोचतं. बँक खातं उघडा. मग टॅक्स फाइल नंबरसाठी, म्हणजे आपल्या पॅनसारख्या कराच्या क्रमांकासाठी, कर कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करा. तो फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. हा नंबर मालकाला दिला नाही तर पगारातून कर जवळजवळ निम्मा कापला जातो. मालकाने स्वतःला 'वर्किंग हॉलिडे'वाल्यांचा मालक म्हणून कर कार्यालयात नोंदवलेलं असेल, तर वर्षाच्या पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत सरळ १५ टक्के कर कापला जातो. नोंदवलेलं नसेल तर जास्त. म्हणून कामाला लागण्याआधी हा प्रश्न विचारायचा.

पायरी ५: काम शोधणं आणि मुकादम पारखणं

कामाच्या चार वाटा आहेत. पहिली, सरकारची 'हार्वेस्ट ट्रेल' सेवा: कुठल्या भागात कुठल्या महिन्यात काय तोडणीला येतं याचं मार्गदर्शक आणि जागांची यादी तिथे मिळते. दुसरी, थेट शेतावर किंवा पॅकिंग शेडवर जाऊन विचारणं. तिसरी, काम देणारी होस्टेलं. चौथी, मजूर पुरवणारे कंत्राटदार, म्हणजे तिकडचे मुकादम.

थेट शेतमालकाकडे मिळालेलं काम सगळ्यात चांगलं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शेडच्या ऑफिसात जा. पहाटेची धांदल तेव्हा ओसरलेली असते. स्वच्छ बूट, हातात फोन नंबर लिहिलेला कागद, आणि तीन वाक्यं पुरतात: मी अमुक तारखेपर्यंत आहे, माझ्याकडे गाडी आहे किंवा नाही, मी घरी द्राक्षाचं काम केलं आहे. शेवटच्या वाक्यावर समोरच्याची मान वर होते. शेतकऱ्याच्या घरचं असणं हे तिथे मोठं भांडवल आहे, ते सांगायला लाजू नका.

कंत्राटदाराकडे जायचं झालं तर परवाना बघा. क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात मजूर पुरवणाऱ्याला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते. नाव टाका, निघालं नाही तर तिथून उठा. समोरचा हिंदीत बोलतो, जेवू घालतो, म्हणून कागद मागायचा संकोच करू नका. मला पहिल्यांदा याच संकोचाने गोत्यात आणलं. एका कंत्राटदाराने गाडीभाडं म्हणून रोज पैसे कापले, आणि कुठे सही केली ते मला आठवेना, कारण सही केलीच नव्हती. पगारातून कापायचं तर लेखी संमती लागते आणि ती कपात तुमच्या हिताची असावी लागते. मी हजेरीच्या तारखा आणि कापलेली रक्कम लिहून लेखी मागणी केली आणि पैसे परत आले. वहीत रोजचं लिहिलेलं होतं म्हणून ते जमलं.

आधी पैसे मागणारं काम घेऊ नका. कामाची हमी म्हणून डिपॉझिट, 'व्हिसाच्या दिवसांसाठी' (दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला लागणारे कामाचे दिवस भरून देण्यासाठी) रक्कम, पासपोर्ट ताब्यात ठेवणं, यातलं काही दिसलं तर ती उचलच आहे, फक्त उलट्या दिशेची. 'तक्रार केलीस तर व्हिसा घालवीन' ही धमकी देऊन राबवून घेणं १ जुलै २०२४ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे. वेतनाच्या तक्रारी फेअर वर्क ओम्बड्समनकडे, म्हणजे कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, करता येतात, नाव न देतासुद्धा आणि इंग्रजीखेरीज इतर काही भाषांतूनही.

पायरी ६: उक्तं की रोजंदारी

हा भाग दोनदा वाचा.

पूर्वी उक्त्यावर काम करणाऱ्याला, बादलीमागे किंवा पेटीमागे जे होईल ते, असा हिशेब होता. नवखा माणूस दिवसभर राबून जेवणापुरतेही कमवत नसे. २८ एप्रिल २०२२ पासून हे बदललं. आता फळबाग-भाजीपाल्याच्या कामात दर उक्ता असला तरी जितके तास शेतात होता तितक्या तासांचं किमान वेतन मिळालंच पाहिजे. उदाहरण घ्या. आठ तासांत तुमच्या पेट्यांचे १८० डॉलर झाले आणि तासाचा किमान दर ३० डॉलर आहे, तर मालकाने २४० द्यायचे. आणि उक्ता दर असा ठरवायचा, की सराव असलेला कामगार तासाच्या दरापेक्षा किमान १५ टक्के जास्त कमवेल.

दरांचं सांगते. राष्ट्रीय किमान वेतन १ जुलै २०२५ ला तासाला २४.९५ डॉलर झालं. हंगामी मजूर बहुधा 'कॅज्युअल' असतो. त्याला पगारी सुट्टी नसते, म्हणून मूळ दरावर २५ टक्के जास्त मिळतात. शेतकामाच्या सर्वांत खालच्या पायरीलाही हातात येण्याआधीचा दर तासाला तीस डॉलरच्या वर जातो. दर १ जुलैला आकडे बदलतात. ओम्बड्समनच्या संकेतस्थळावर वेतनाचं गणकयंत्र आहे, तिथे स्वतः तपासा.

आता शब्द पाळून घेण्याची रीत. उक्त्याच्या कामाआधी दर लेखी घ्या, मेसेजवर असला तरी चालेल. कामावर पोचल्याची आणि सुटल्याची वेळ रोज वहीत मांडा. शेताच्या फाटकापाशी सकाळी फोटो काढला की त्यावर वेळ आपोआप येते. पगार झाल्यावर एका कामाच्या दिवसात पगारचिठ्ठी मिळायला हवी आणि तिच्यावर मालकाचा एबीएन, म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक, हवा. रोख पगार घ्यायचा नाही असा कायदा नाही, पण चिठ्ठीशिवाय रोख घेतलेला दिवस पुढे कुठेच मोजला जात नाही.

नवख्यांना माझा सल्ला: पहिला महिना पॅकिंग शेडमध्ये काढा. तासावर पगार, डोक्यावर छप्पर, आणि कोणत्या शेतावर कसा माल येतो, कोणता मुकादम बरा, हे पट्ट्यापाशी उभं राहून सगळं कळतं.

पायरी ७: हिशेब

आठवड्याला ३८ तास, तासाला ३० डॉलर धरले तर १,१४० डॉलर होतात. १५ टक्के कर गेला की ९६९. होस्टेलचं भाडं २२०, जेवण १००, शेतावर जाण्या-येण्याचे आणि फोनचे ५०, म्हणजे खर्च ३७०. शिल्लक साधारण ६०० दिसते.

पण असे आठवडे सलग येत नाहीत. पाऊस पडतो, बाजारभाव पडतो आणि मालक तोडणी थांबवतो, यंत्र बिघडतं. म्हणून बारा आठवड्यांचा हिशेब करताना आठ आठवडे पूर्ण आणि चार अर्धे धरा. कमाई ११,४००, कर जाऊन ९,६९०, बारा आठवड्यांचा खर्च ४,४४०. हातात राहतात सव्वापाच हजार डॉलर. एवढ्यात काटकसरीने दोन महिने फिरता येतं. घरी पाठवायला, कर्ज फेडायला हा मार्ग धरू नका. कर्ज काढून गेलेला माणूस वाईट काम सोडू शकत नाही, आणि या सगळ्या प्रवासात काम सोडता येणं हीच तुमची खरी ताकद आहे.

सोबत नेलेले ५,००० डॉलर याच कारणासाठी आहेत. मी उतरल्यावर पहिले अकरा दिवस बिनकामाचे गेले. मिरची पिकायला उशीर झाला, एवढंच कारण.

पायरी ८: शेतातला पहिला आठवडा

पहाटे साडेचारला उठायचं, पाचला गाडी. अंधारात शेताच्या सरीवर यंत्र उभं असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टे पंखासारखे पसरलेले. प्रत्येकाला एक सरी. यंत्र चालायला लागलं की थांबत नाही, तुम्ही त्याच्या मागे वाकून चालायचं. ढोबळी मिरची डाव्या हाताच्या तळव्यात घ्यायची, अंगठा देठाच्या सांध्यावर, आणि वरच्या दिशेने एक झटका. 'टक्' असा आवाज आला तर देठ स्वच्छ तुटला. ओढलंत तर फांदीच हातात येते, आणि देठ मुळाशी फाटला तर ती मिरची पेटीत पोचायच्या आत सडायला लागते. माझ्या पट्ट्यावर पहिल्या दिवशी निम्म्या मिरच्या फाटक्या होत्या. शेजारच्या सरीवरच्या तैवानी मुलीने एकदाच माझा अंगठा धरून जागेवर ठेवला. त्यानंतर जमलं.

चेरीला वेगळं. देठासकट घ्यायची, पण देठ जिथून निघतो तिथला डोळा मोडायचा नाही, कारण पुढच्या वर्षीचं फळ त्यात असतं. द्राक्षवाल्या घरात डोळ्याची किंमत कोणाला सांगावी लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंबर, मनगटं आणि मांडीचा मागचा भाग इतका दुखतो की जिना उतरवत नाही. हे सगळ्यांचं होतं. सातव्या-आठव्या दिवसापासून अंग मोकळं होतं. तोवर काम सोडायचा निर्णय घेऊ नका. मनगटात रात्री मुंग्या येत असतील तर मात्र मुकादमाला सांगून काम बदलून घ्या, ते दुखणं अंगावर काढायचं नसतं.

पाणी तीन लिटर, आणि तहान लागायच्या आधी. एसपीएफ ५० ची क्रीम मानेला आणि कानांच्या मागे. तिथलं ऊन आपल्या विदर्भाएवढं तापलेलं वाटत नाही तरी कातडी लवकर जाळतं. पेट्या उचलताना आधी पायाने हलवा, खाली रेडबॅक हा विषारी कोळी किंवा साप असू शकतो. बूट सकाळी झटकून घाला. आणीबाणीचा नंबर तीन शून्य.

डब्यात मी पोळीची गुंडाळी न्यायची, आत बटाटा किंवा अंडं. एका हाताने खाता येतं आणि मोजे काढावे लागत नाहीत. मोठ्या गावांतल्या भारतीय दुकानांत ज्वारीचं पीठसुद्धा मिळतं. होस्टेलच्या तव्यावर रविवारी भाकऱ्या थापल्या की सगळा मजला जमा व्हायचा.

राहायचं कुठे

काम देणाऱ्या होस्टेलात आठवड्याचं भाडं बहुधा दोनशे ते अडीचशे डॉलर. दोन आठवड्यांहून जास्त आगाऊ देऊ नका आणि पावती घ्या. 'काम आहे' असं फोनवर म्हणणाऱ्याला विचारा, आज तुमच्याकडचे किती जण कामावर गेले. उत्तर अडखळलं तर समजून घ्या.

खोली बघताना धुराचा अलार्म आणि बाहेर पडायची दुसरी वाट बघा. खिडकी उघडते का, पलंग दाराच्या आड येतो का. चिल्डर्स गावातल्या बॅकपॅकर होस्टेलला २३ जून २००० रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १५ तरुण गेले. त्या होस्टेलात फळं-भाज्या तोडून प्रवास करणारी मुलंमुली राहत असत. त्या गावात त्यांचं स्मारक आहे.

दुसरं वर्ष हवं असेल तर

पहिल्या व्हिसावर तीन महिन्यांचं ठरवून दिलेलं काम केलं की दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो, आणि त्याला सोडत नसते. दुसऱ्या वर्षात सहा महिने केलं की तिसरं. पिकांचं काम उत्तर ऑस्ट्रेलियात आणि ठरलेल्या ग्रामीण भागांत चालतं. गावाचा पोस्टकोड यादीत आहे का ते कामाआधी बघा, शेजारच्या गावाचा कोड बाद असू शकतो.

तीन महिने म्हणजे ८८ दिवस. मालकाकडे त्या धंद्यातला पूर्ण आठवडा भरत असाल तर आठवडी सुट्टीचे दिवसही मोजले जातात. आठवड्यात दोन-तीन दिवसच काम असेल तर केलेले दिवसच मोजा. एका दिवशी चौदा तास राबलात तरी तो एकच दिवस. फुकट काम मोजत नाहीत. प्रत्येक पगारचिठ्ठीचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. कंत्राटदाराचा फोन दोन महिन्यांनी बंद लागतो, ईमेल राहते.

आणि भटकंती

हंगामाच्या मधल्या फटी म्हणजे तुमची सुट्टी. बोवेनहून व्हिट्सनडे बेटं जवळच आहेत. भाजीचा हंगाम आटोपला की महिनाभर किनाऱ्याने दक्षिणेला उतरत चेरीपर्यंत पोचता येतं. जुनी गाडी दोघा-तिघांत घ्या. गाडी डावीकडूनच चालते, पण आपला परवाना किती दिवस चालतो ते राज्याराज्यात वेगळं आहे. तिन्हीसांजेला आणि पहाटे गाडी चालवू नका, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात. टास्मानियाला गाडीसकट जायची बोट मेलबर्नजवळच्या जिलाँगहून सुटते. गाडी नको असेल तर भाड्याच्या कॅम्परव्हॅन एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचवायला कंपन्या नाममात्र भाड्याने देतात. दिवस बांधलेले असतात, पण खर्च फार थोडा.

वाटेत न्यू साउथ वेल्समधलं वुलगूल्गा लागेल. तिथले शीख शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या केळी आणि आता ब्लूबेरी करतात, आणि गावात त्यांचा गुरुद्वारा आहे. लंगरात जेवून, दोन तास भांडी घासून निघा.

निघताना

कर वर्ष १ जुलै ते ३० जून. विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं, देश कायमचा सोडत असाल तर आधीही भरता येतं. पगाराखेरीज मालक निवृत्ती निधीत १२ टक्के भरतो. त्याला तिथे 'सुपर' म्हणतात. तो देश सोडून व्हिसा संपल्यावर मागता येतो. या व्हिसावाल्यांच्या रकमेतून ६५ टक्के कर कापून घेतात, तरी उरलेले पैसे तुमचे आहेत, मागून घ्या. दर मालकामागे वेगळं खातं उघडू देऊ नका. पहिल्याच नोकरीत एक खातं निवडा आणि पुढच्या प्रत्येक मालकाला त्याचाच क्रमांक द्या. नाहीतर चार ठिकाणी थोडी थोडी रक्कम अडकते. आणि तिथलं बँक खातं सुपरचे पैसे जमा होईपर्यंत बंद करू नका.